विहिरीवरचा दादला

"ह्यो दादलो आसा रे. ह्येका भिरंडां लागाची नाय."

एवढं बोलून काकीने हातातली डहाळी माझ्यापुढे धरली आणि ती गोठ्याकडे चालू लागली. माझ्या कोकमाच्या झाडाचा, म्हणजे माझ्या आठ वर्षांचा निकाल तिने दोन वाक्यांत लावला होता: हा दादला, म्हणजे नर, याला भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, लागायची नाहीत. डिसेंबरातली सकाळ होती, विहिरीच्या कठड्यावर अजून दहिवर होतं आणि मी त्या डहाळीकडे बघत उभा होतो.

आठ वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या पावसात, ते बी मीच पुरलं होतं. रातांबे, म्हणजे हीच फळं, फोडायचं काम चालू असताना ढिगातलं एक टपोरं बी उचललं आणि विहिरीच्या पाटाकडेला बोटभर खोल दाबलं. कोकमाचं बी फार दिवस ठेवून चालत नाही, सुकलं की संपलं. म्हणून ही घाई. मला पुण्यात दर दोन महिन्यांनी आमसुलं विकत घ्यावी लागतात, आणि पाकिटातली ती आमसुलं रंगाने काळी, चवीने नुसतीच खारट निघाली की मी स्वतःवरच चिडतो. ज्याचं घर सिंधुदुर्गात आहे त्याने दुकानातून आमसुलं आणावीत म्हणजे काय! तेव्हा आपलं एक झाड असावं, एवढीच इच्छा.

झाडाने आपल्या बाजूने काही कमी केलं नाही. पहिली चार वर्षं ते गोगलगायीच्या चालीने वाढलं, पुढे मात्र बघता बघता डोक्याच्या वर गेलं. कोकमाचा आकार मला फार आवडतो. कोणी न छाटता, न वळवता ते आपसूक देवळाच्या शिखरासारखं वर निमुळतं होत जातं, आणि खालच्या फांद्या लुगड्याच्या पदरासारख्या जमिनीकडे झुकतात. पानं समोरासमोर, जोडीने. वरून गडद हिरवी, तुकतुकीत, मागून फिकी. नवी पालवी तांबूस, आणि ती तोंडात टाकली तर आंबट. लहानपणी आम्ही ती चघळत शाळेत जायचो. काडी मोडली की पिवळसर चीक येतो. सह्याद्रीच्या सदाहरित रानातलं हे झाड बारा महिने हिरवं असतं. फळ नसतानाही त्याच्याकडे बघावंसं वाटतं. हे मी आता मुद्दाम सांगतोय, कारण फळाच्या बाबतीत माझी बाजू लंगडी आहे.

तर ती डहाळी. पानाच्या बेचक्यात चार-पाच फुलांचा झुबका. एकेक फूल वाटाण्याहून थोडं मोठं. चार जाड, मेणासारख्या पाकळ्या, पिवळट आणि कडेला किंचित गुलाबी. आणि मधोमध पुंकेसरांचा एक घट्ट गड्डा, भाजीवाली लहानशी फुलकोबी धरते तसा. मी नखाने तो गड्डा बाजूला करून पाहिला. खाली काहीच नव्हतं. मादी झाडावर फुलं एकटी-दुकटी येतात, आणि प्रत्येकाच्या पोटात हिरवी गोल गोळी असते, तिच्या डोक्यावर चिरा पडलेली टोपी. रातांबा अगदी पहिल्या दिवसापासून फुलात बसलेला असतो. माझ्या फुलात नुसताच बार भरलेला.

कोकमात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. हे मला ऐकून माहीत होतं, पण माणसाला आपल्या बाबतीत उगाच खात्री असते. बियांपासून रोपं केली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, पान बघून, खोड बघून, काही करून ते ओळखता येत नाही. पपईसुद्धा नर-मादीचा घोळ घालते, पण ती बिचारी काही महिन्यांत खरं काय ते सांगून मोकळी होते. कोकम आठ वर्षं तोंडातून शब्द काढत नाही.

त्या रात्री मी बराच वेळ या झाडाच्या कुळाची चौकशी करत बसलो. चिडलेला माणूस वाचन फार करतो. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. गार्सिनिया म्हटल्यावर मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं, की हे गार्सिया द ऑर्ताचं नाव असणार. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, मग नाव दुसऱ्या कोणाचं असेल? पण नाही. ते नाव आहे लॉरेंट गार्सिन नावाच्या अठराव्या शतकातल्या वेगळ्याच निसर्गअभ्यासकाचं. मी ही चुकीची माहिती किमान तीन लग्नांच्या पंगतीत आत्मविश्वासाने सांगितलेली आहे. त्या यजमानांची इथे माफी मागतो.

मात्र एका गोष्टीने राग जरा उतरला. या झाडाला थुआर्स नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आधी दिलेलं नाव होतं ब्रिंडोनिया इंडिका. ब्रिंडोनिया! काकी ज्याला भिरंड म्हणते तेच पोर्तुगिजांच्या जिभेवर वळलं आणि तिथून लॅटिनचा कोट घालून पुस्तकात गेलं. पुढे झाड गार्सिनियात हलवलं आणि भिरंडाचा लॅटिन अवतार मागे पडला. सकाळी काकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मगे काय झाला?" या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही.

याच कुळात मँगोस्टीन येतं. त्या फळाची गंमत उलटीच आहे. तिथे नर झाड जवळजवळ सापडतच नाही. मादी झाडं परागाची वाट न बघता बी धरतात आणि त्या बियांतून आईचीच नक्कल उगवते. म्हणजे एका बहिणीकडे दादल्याचं नाव नाही आणि दुसऱ्या बहिणीकडे निम्मे दादले. दुसरा एक चुलतभाऊ केरळात माशाच्या कालवणात पडतो, तो कुडमपुळी. त्याच्याच अर्काच्या गोळ्या 'गार्सिनिया' नावाने वजन कमी करायला विकतात. आमच्या ऑफिसात एक जण त्या घ्यायचा आणि वर दोन वडापाव खायचा.

माझ्यासारख्यांची फसगत होऊ नये म्हणून कलमं असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' ही जात दिली. ती मादीच, शिवाय पाऊस पडायच्या आत तयार होणारी. कलमात आणखी एक मेख आहे: काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतली तर झाड जन्मभर आडवंच पसरतं, शिखर धरतच नाही. आणि कलमांची बाग लावतानाही शेकडा दहा नर झाडं ठेवायला सांगतात. हे वाक्य वाचल्यावर मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

पाऊस पडायच्या आत, हे कोकमाच्या बाबतीत किती महत्त्वाचं, ते मे महिन्यात आमच्या खळ्यात आल्याशिवाय कळायचं नाही. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात, पण बऱ्याच झाडांचा मोठा बहर नेमका जूनच्या तोंडावर येतो, आणि आमसुलाला तर ऊन हवं. काकी रातांबा विळीवर नेत नाही, अंगठ्याने मधोमध दाबून फोडते. आतला गर आणि बिया एका पातेल्यात, लाल वाट्या दुसऱ्या टोपलीत. गर-रसात मीठ घालायचं, वाट्या त्यात बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा त्याच रसात. अशी चार-पाच पुटं. पहिल्या दिवशी खळं रक्त सांडल्यासारखं लाल दिसतं, दुसऱ्या दिवशी जांभळं, आणि शेवटी ती सालं आखडून, काळपट होऊन, कानाच्या पाळीसारखी लवचीक झाली की सोलं, म्हणजे आमसुलं, तयार. मधेच आभाळ भरून आलं तर सगळं घर ताटं उचलायला धावतं. एका वर्षी तीन दिवस सलग पाऊस लागला आणि दोन पुटं दिलेल्या मालावर पांढरी बुरशी आली. काकी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

उरलेल्या रसात मीठ घालून आगळ. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तेल, म्हणजे भिरंडेल. थंड झालं की ते गोठतं, मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. टाचेच्या भेगांवर ते दिव्याशी धरून चोळतात. माणसाच्या अंगाहून जरा जास्त ऊब लागली की ते वितळतं, एरवी दगडासारखं. मी एकदा मे महिन्यात एक गोळा गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवून पुण्याला निघालो. कराडला चहा घेऊन परत येईस्तोवर त्याने गाडीचे कागद पारदर्शक करून टाकले होते.

पुण्यात आमसूल आमटीत गुळाच्या शेजारी बसतं, श्राद्धाला चटणी होऊन पानाच्या डावीकडे येतं, अंगावर पित्त उठलं की पाण्यात कोळून अंगाला लागतं. कोकणात ते कढीत नारळाच्या रसाशी संसार करतं. एका झाडाने किती घरं सांभाळावीत! आणि माझं झाड विहिरीवर उभं, पिवळी फुलं गाळत.

झाड तोडायचा विषय निघालाच. चुलतभाऊ म्हणाला, जागा अडतेय, दुसरं कलम लावू. जायफळात करतात तसा नराच्याच फांदीवर मादीचा डोळा भरून बघू, असंही एकाने सुचवलं. मी म्हटलं, थांबा. गडग्यापलीकडे शेजारच्या वयनीची मादी झाडं आहेत, तीन. त्यांना पराग कुठून मिळतो? या वर्षी त्यांच्या फांद्या वाकल्यात, माझ्या झाडाला पहिल्यांदाच फुलं आली, हा योगायोग कसा?

काकी सुपारी कातरत होती. "त्या झाडांक तुझ्या जल्माच्या आदीपासून भिरंडां लागतत," ती म्हणाली. "तुझ्या दादल्याचा तेच्यात काय इला?"

मी रानातल्या नरांचं, वाऱ्याचं, कीटकांचं काहीतरी बोलायला लागलो, पण काकीने अडकित्ता खाली ठेवला नाही. ती अडकित्ता खाली ठेवत नाही म्हणजे आपण गप्प बसायचं असतं. वयनी मात्र गडग्याला टेकून सगळं ऐकत होत्या.

झाड अजून उभं आहे. जुलैत गावाहून येणाऱ्या एकाच्या हाती पिशवी आली. नाचण्याचं पीठ, दोन नारळ, आणि तळाशी बिस्किटांचा जुना डबा, आमसुलांनी गच्च भरलेला. झाकणाला चिकटपट्टीने कागद लावला होता, त्यावर वयनींच्या अक्षरात दोनच शब्द: दादल्याचो वाटो.

मीठ जरा जास्त पडलंय. पण ते आता कुठे बोलायची सोय नाही.