चमच्यानं घातलेलं तेल

तेलाच्या किटलीच्या कानाला आईनं सुतळीनं मापाचा चमचा बांधलाय. वैनीच्या केकच्या सामानातला. आणि आज मटण चुलीवर चढवल्यावर कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाचा तुकडा माझ्या हातात दिला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेलं: मटण १ किलो, तेल ५ चमचे, ओलं खोबरं अर्धी वाटी, तीळ २ चमचे, खसखस १, काजू ८. सगळ्यात खाली, माणसं ५.

"हे तुझ्या मोबाईलात घाल. आता सगळं चमच्यानंच घालतो बघ मी."

मला बरं वाटायला हवं होतं. डाएटिशियन मॅडम मागच्या वेळी हेच म्हणाल्या होत्या, घरच्यांना सोबत घ्या. एवढी सोबत मिळाली, तरी दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. का ते कळेपर्यंत लिहिणार आहे.

किटो, म्हणजे कार्ब्ज अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार, सुरू केला तेव्हा मोजायचं नाही, हेच तर मला आवडलं होतं. कार्ब्ज दिवसाला २० ग्रॅमच्या आत ठेवायचे, बाकी पोट भरेपर्यंत खायचं. भाकरी गेली, कारण ज्वारीच्या एका भाकरीतच दिवसाचा कोटा संपून वर जातो. कोल्हापुरातल्या गंगावेशीचं दूध गेलं. पेलाभर म्हशीच्या दुधात वरून काही न घालताही दहा-बारा ग्रॅम साखर असते. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं, पण ते आज नको. राहिलं काय, तर तूप, अंडी, पनीर, मटण आणि अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. आणि खरंच, भूक शांत झाली होती. चार वाजले की हात डब्याकडे जायचा, तो जायचा थांबला. लहानपणापासून पहिल्यांदाच मी जेवणाचा विचार न करता दुपार काढत होते. त्या दुपारी मला फार आवडायच्या.

सुरुवातीला काटाही भराभर खाली आला. त्यातलं बरंच पाणी होतं, हे नंतर वाचलं. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या, एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, साठा उतरला की तेही जातं. त्यानंतर काटा थांबला तो थांबलाच. रिपोर्टमधली साखर मात्र... ती ठीक आहे. तिच्यासाठीच तर हे सगळं आहे, पण आरशासमोर उभं राहिल्यावर ते आठवत नाही.

मॅडम म्हणतात, आता कॅलरी मोजा. दादा म्हणतो, किटोत कॅलरी मोजायच्याच नसतात, इन्शुलिन खाली असलं की चरबी आपोआप जळते. दादाचं मला आता पटत नाही. शरीर चरबीवर चालायला लागलं, तरी ताटातून येणारी चरबी पुरत असेल तर अंगावरच्या चरबीला ते कशाला हात लावेल? आणि चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रोटीन आणि कार्ब्जच्या ग्रॅमला ४. एक मोठा चमचा तूप म्हणजे १२० च्या आसपास. कोबी वाटीभर जास्त खाल्ला तर काही बिघडत नाही. तुपाचा हात सैल सुटला तर दिवसाचा हिशोबच फिरतो. जिथं मोजू नका असं सांगतात, तिथंच चुकायला जागा सगळ्यात जास्त आहे.

अभ्यासही दोन्ही बाजूंनी बोलतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे, ६०९ माणसांचा. निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कार्ब्जचा, आणि कॅलरीची मर्यादा कुणालाच घालून दिली नव्हती. वर्षाअखेर दोन्हीकडे सरासरी पाच-सहा किलो उतरले, दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक नाही. न मोजताही जमतं म्हणायचं. मग अमेरिकेतच केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास वाचला. वीस माणसं, संस्थेतच ठेवलेली, हवं तेवढं खायची मुभा. दोन आठवडे किटोसारखा आहार, दोन आठवडे कमी चरबीचा शाकाहारी. किटोवर असताना तीच माणसं रोज जवळजवळ ७०० कॅलरी जास्त खात होती. भूक आपली आपण आवरते, या एका गोष्टीवर मी इतके दिवस विसंबले होते. ते वाचून त्या रात्री मला रडू आलं होतं. माझ्याच पोटानं मला फसवलं असं वाटलं.

म्हणून काटा आणला, छोटा, ओट्यावर मावेल असा. आणि आई बघत राहिली. पनीर काट्यावर, बदाम काट्यावर. काही बोलली नाही. चार दिवसांनी विचारलं, "आमटी कशी मोजतीस?" मी म्हटलं, अंदाजानं. तेव्हापासून तिनं चमचा शोधायला घेतला असणार.

एक गोष्ट वाचून मी थांबले होते, ती इथं लिहून ठेवते. हा आहार वजनासाठी जन्मलाच नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी तो मांडला, फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी. त्यात प्रोटीन आणि कार्ब्ज मिळून एक ग्रॅम, तर चरबी चार ग्रॅम, असं प्रमाण असतं, आणि ते सांभाळायला प्रत्येक घास ग्रॅमवर तोलावा लागतो. औषधांना दाद न देणाऱ्या एपिलेप्सीच्या मुलांना आजही तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. म्हणजे कुठल्या तरी स्वयंपाकघरात आत्ता एक आई लोणी तोलत असेल, ग्रॅमभर इकडे नाही की तिकडे नाही, कारण लेकराला झटका यायला नको.

आईचा तो कागद हातात आला तेव्हा मला ती बाईच आठवली. तिच्या मोजण्याला कारण आहे. माझ्या आईला मी कुठलं कारण दिलंय? काटा पाऊण किलोनं सरकत नाही, हे?

आमच्या घरात मोजणं नवीन नाही खरं तर. आबांचा खुराक मोजलेला असायचा. तालमीतून आले की ठरलेले बदाम, ठरलेलं तूप, ठरलेलं दूध. रात्री बदाम भिजत घालताना ते आजीला मोजायला लावायचे. खासबागेत कुस्ती असली की आकडा वाढायचा. पण ते मोजणं कमी पडू नये म्हणून होतं. माझं मोजणं जास्त होऊ नये म्हणून आहे. हात तेच, बदाम तेच, आणि घरातली हवा एकदम वेगळी.

बदामांचंच घ्या. २८ ग्रॅम बदामांना १६० ते १७० कॅलरी धरतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये माणसांना बदाम खायला घालून, पचून किती मिळतं आणि न पचता किती जातं, हे तपासलं. आकडा आला १२९. बदामाच्या पेशी चावून सगळ्या फुटत नाहीत, आतलं तेल तसंच बाहेर जातं. पाकिटावरचा आकडा ज्या ४-९-४ च्या (प्रोटीन, चरबी, कार्ब्ज) गणितानं निघतो, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ॲटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञानं घालून दिलेलं, सरासरीचं गणित. त्यानं दिशा कळते, शेवटचा आकडा कळत नाही. मोजायचं नाही असा याचा अर्थ मी काढत नाही. पण ज्या आकड्यात मुळातच एवढी ढिलाई आहे, त्याच्यासाठी आईनं काजू मोजून आठ घालावेत?

आणि आता, इतकं लिहिल्यावर, हाताला लागतंय ते. कागद नाही. चमचाही नाही.

आज पंगतीत आई मला "घे की" म्हणाली नाही.

दादाला म्हणाली, वैनीला म्हणाली, धाकट्याच्या वाटीत तर न विचारताच तांबडा ओतला. पांढऱ्याचं पातेलं घेऊन फिरत माझ्यापाशी आली, वाटीकडे बघितलं, आणि पुढं गेली. कोल्हापुरात रस्सा मोजून कोण वाढतं? पहिली वाटी तर नुसती चव बघायला असते. 'आणि घे', 'एवढ्यानं काय हुतंय', 'माझ्यासाठी म्हणून घे', हे ऐकत मोठी झाले, त्यावर चिडले, पाहुण्यांदेखत भांडले. तेच नको होतं ना मला? आणि ते थांबलं, तर मला ताटावर परकं वाटलं. मी पाचातलं एक माणूस झाले, भागाकारातलं.

तिनं ते माझ्यासाठीच केलं. आतून किती ओढ लागली असेल तिला, पातेलं हातात असताना. मला मदत म्हणून तिनं स्वतःचा स्वभाव बाजूला ठेवला, आणि तो कुठल्याच रकान्यात भरता येत नाही. संध्याकाळी विचारलं, "आज भरला काय गं तुझा आकडा बरोबर?" मी हो म्हटलं. समाधान वाटलं तिला. ते समाधान बघून तर...

असो.

मोजणं मी सोडणार नाही. तूप, पनीर, बदाम, सकाळच्या कॉफीत जे घालते ते, हे सगळं माझ्या हातानं माझ्या ताटात येतं, आणि जास्तीचं सगळं तिथूनच येत असणार. ते काट्यावर जाईल. पंधरवडाभर तोललं की डोळ्याला माप कळतं म्हणतात, तेवढं तरी करून बघायला हवं. वजन रोज बघायचं नाही, आठवड्याची सरासरी काढायची. मीठ-पाण्यानंच काटा किलोभर वरखाली होतो, त्यावर सकाळ घालवायची नाही.

पण पातेलं तोलायचं नाही. आठवड्यातनं एकदा होणारं मटण, त्यात तेल पाच चमचे पडो नाहीतर सात, त्यानं माझं वर्ष ठरत नाही. काजूतले कार्ब्जही वाटीमागे एवढेसे. उद्या आईला सांगते की तेल तू तुझ्या हातानं घाल, आणि मला विचारत जा. नको वाटलं तर मी नको म्हणेन. नको म्हणायचं काम माझं आहे, ते मी तिच्यावर टाकलं तर तिच्याकडे राहतं काय?

ॲपमध्ये रविवार दुपारची ओळ रिकामी ठेवली की ते लाल खूण दाखवतं. दाखवू दे. मॅडमना आधीच कळवून ठेवते की ती ओळ रिकामीच येणार.