दिवसा राम, रात्री कृष्ण: सावंतवाडीतला गंजिफांचा डाव

कोकण रेल्वेच्या आमच्या डब्यातले सगळे गोव्याला चालले होते. माझा नवराही मनाने त्यांच्यातच होता. सावंतवाडी रोडला उतरलो आम्ही दोघं आणि मुंबईत आंबे पोचवून रिकाम्या पेट्या परत नेणारे एक काका. स्टेशनाच्या नावात सावंतवाडी असली तरी स्टेशन आहे मळगावात. गाव गाठायला रिक्षा करावी लागते आणि मे महिन्याच्या दुपारी रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याइतका जीव कोणातच उरलेला नसतो. त्याने सांगितला तो आकडा आम्ही मान्य केला. "एवढ्यात पेडणं आलं असतं," असं नवरा पुटपुटला, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मोती तलावाकाठचं गाव छान आहे वगैरे सगळं खरं आहे. चितार आळीतली लाकडी फळंही छान आहेत. सीताफळ, केळ्यांचा घड, कारली, लाल मिरच्या. त्या मिरच्या हाताळल्यावर मी बराच वेळ बोटं डोळ्यांपासून लांब ठेवली होती, यातच काय ते आलं. पूर्वी यासाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत. खरादावर लाकूड गरगर फिरत असतं, त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घासून जी ऊब तयार होते तिनेच लाख पातळ होऊन लाकडावर चढते आणि वरून केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. हे एका दुकानाच्या मागच्या बाजूला बघायला मिळालं. पुढच्या बाजूला मात्र पार्सल होऊन आलेल्या प्लॅस्टिकच्या बंदुका टांगल्या होत्या. दुकानदाराला काही बोलावं असं वाटलं. पण त्याच्याकडे आलेल्या पोरांनी भातुकलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, बंदुका मात्र मागितल्या. मग गप्प बसले.

मी आले होते ते गंजिफांसाठी, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसाठी. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकार बसून काम करताना दिसतात. एक ताई गोल पानावर प्रधानाचा घोडा रंगवत होत्या. घोडा माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा. त्याचा लगाम काढायचा म्हणजे कुंचल्याचे दोन-चार केस तेवढे कागदाला टेकवायचे. लगाम पुरा होईपर्यंत त्यांनी श्वास सोडला नव्हता. मग एकदम सोडला, पान उन्हाकडे तिरकं धरून पाहिलं आणि पुढचं घेतलं.

दशावतारी गंजिफांच्या एका संचात अशी १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक ते दहा, वर एक प्रधान आणि एक राजा. मत्स्याच्या दहिल्यावर दहा मासे, कूर्माच्या पंजीवर पाच कासवं. खेळ आला इराणाकडून. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्याकडे आल्यावर त्यात अवतार शिरले. मुघली संच ९६ पानांचा, आपला आणखी चोवीसांनी मोठा. पुढे छापील विलायती पत्ते आले, स्वस्त आणि चौकोनी, आणि हाताने रंगवलेली पानं मागे पडली. सावंतवाडीत ती जवळजवळ संपलीच होती. इथले राजे शिवरामराजे भोंसले आणि बडोद्याहून इथे सून होऊन आलेल्या सत्त्वशीलादेवी या दोघांनी सत्तरच्या दशकात म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून कला शिकून घेऊन, नवीन मुलं तयार करून ती परत उभी केली. सत्त्वशीलादेवी स्वतः पानं रंगवत. २०२४ मध्ये गंजिफांना आणि इथल्या लाकडी कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मी त्या ताईंना विचारलं, "हे घेऊन जाणारे लोक खेळतात का?"

त्या हसल्या. "फ्रेम करतात."

पलीकडच्या टेबलावर पुरावाच होता. चौकटीत बसवलेले दहा राजे, चाव्यांच्या साखळ्या, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या. कूर्मावतारावर चहाचा कप. मला राग आला आणि लगेच हेही कळलं की त्या चकत्या खपतात म्हणूनच ताई इथे बसून लगाम काढू शकतात. पूर्ण संचाची किंमत ऐकल्यावर नवरा खिडकीतून तलाव बघायला लागला. महिनोन्महिन्यांचं काम आहे, किंमत रास्तच आहे. पण रास्त किंमतही खिशाला लागतेच.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंना रात्री जेवताना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, कारण त्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे होतं. "भात घेवा. सोलकडी घेवा. काय खाणास नाय तुमी." बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं. तिरफळाने जीभ हलकेच बधिर होते, मग पुढचा घास कसा लागतो हे सांगता येत नाही, पण थांबताही येत नाही. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. एका संध्याकाळी शिरवळे, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात. हायवेवरच्या हॉटेलांत मालवणी थाळी म्हणून जो लाल तवंग मिळतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही. मला आग्रहाचा त्रास होतो. नको म्हटल्यावर वाढलेलं मला आवडत नाही. तिथे मी नको म्हणायचंच सोडून दिलं.

माझं बोलणं कोणी ऐकलं असेल तर ते काकूंच्या सासऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत आजोबा एक लाकडी पेटी घेऊन बसले होते. पेटीचं झाकण सरकतं, रंग उडालेला. आत पानं.

"खेळूक येता?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. "बसा मगे. तीन जणा व्हयी, ह्येका पण बोलव." ह्येका म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो फोनवर गोव्याची हॉटेलं बघत होता.

आजोबांनी धुतलेलं धोतर घडी घालून अंथरलं. गंजिफा पिसत नाहीत, कापडावर पालथ्या घालून दोन्ही हातांनी कालवतात. तो आवाज पत्त्यांच्या आवाजासारखा नसतो. लाख दिलेली पानं एकमेकांवर खळखळतात. प्रत्येकाला चाळीस पानं आली. चाळीस गोल पानं हातात धरून बघा! चौकोनी पत्ता पंख्यात उभा राहतो, हे घरंगळतं. माझ्या मांडीवर वराह, चटईवर परशुराम. आजोबांनी त्यांची पानं रंगवार लावून चार गड्ड्या केल्या आणि आमची फजिती शांतपणे बघत बसले.

नियम सोपे आहेत असं ते म्हणाले. हुकूम नाही. ज्या रंगाचं पान आलं त्या रंगाचं मोठं पान टाकलं की हात आपला. राजा सगळ्यात मोठा, त्याखाली प्रधान. इथपर्यंत ठीक. पुढे अर्ध्या अवतारांत दहिला मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या अर्ध्यांत उलट, एक्का मोठा आणि दहिला किरकोळ. हे ज्याने काढलं त्याला नमस्कार. डोकं एकदा बसतं न बसतं तोच समोरून दुसऱ्या रंगाचं पान येतं आणि सगळं उलटं करावं लागतं. पहिले कितीतरी हात मी दहिला टाकून ऐटीत बसत होते आणि आजोबा एक बोट पुढे करून ते पान स्वतःकडे ओढत होते.

सुरुवात कोणी करायची हे दिवसावर असतं. ऊन असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो पहिला. दिवस मावळल्यावर कृष्णाचा राजा. हे मी आधी वाचलेलं होतं आणि वाचताना तो सजावटीचा तपशील वाटला होता. पण डाव लांबत गेला. सगळी पानं वाटलेली असतात, म्हणजे प्रत्येक पान तिघांपैकी कोणाकडे तरी असतंच. कोणतं पडलं आणि कोणतं राहिलं हे लक्षात ठेवणं हाच खेळ. माझा नवरा, ज्याला भाजीची यादी लिहून द्यावी लागते, तो याच्यात निघाला पटाईत. "नरसिंहाचा प्रधान अजून आलेला नाही," असं तो म्हणाला तेव्हा आजोबांनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माका जेवलंय काय ता आठवणा नाय," आजोबा म्हणाले, "पण पडलेली पाना आठवतत."

काकू आतून म्हणाल्या, "खरा आसा ता."

दुसरा डाव वाटून होईपर्यंत काकूंनी तुळशीपुढे दिवा लावला. मी रामाचा राजा हातात घेऊन तयारच होते. खूप आनंदात होते, कारण तो पहिल्यांदाच माझ्याकडे आला होता. आजोबांनी अंगणाकडे पाहिलं आणि मान हलवली. "दिवस मावळलो. आता कृष्णाचो राजा कोणाकडे आसा?" तो नवऱ्याकडे होता. मी जरा वाद घातला, अजून उजेड आहे म्हणाले. आजोबा ऐकेनात. देवांचा खेळ आहे, घड्याळ सूर्याचं. मी मुकाट्याने राम मागे घेतला. त्या डावात मी हरले आणि तेवढा राग मला गेल्या वर्षात कशाचाही आला नसेल.

आजोबांची पानं कडेला झिजलेली होती. एका मत्स्याचा अर्धा चेहरा अंगठ्याने पुसला गेला होता. काचेआडच्या चौकटीतल्या मत्स्याचं तोंड शाबूत राहील, तो दिसेलही देखणा. मला आजोबांचा जास्त आवडला.

मध्ये आंबोलीही करून आलो. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक बोटभर मासा आहे, २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेलेला आणि त्या देवळाचंच नाव मिळालेला. तो आम्हाला दिसला नाही. दिसली ती रील करणाऱ्यांची रांग. परत आलो.

कुडाळजवळचं पिंगुळी मात्र वेगळं लिहायला हवं. तिथे ठाकर समाजाच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगायच्या गोष्टींच्या, पोथ्या. हीच चित्रं मी पुण्यात केळकर संग्रहालयात काचेतून पाहिली होती आणि प्रामाणिकपणे सांगते, दोन मिनिटांत पुढे गेले होते. सगळे चेहरे एका बाजूचे, डोळे मोठे, हात ताठ. पिंगुळीत एका दादांनी पोथी गुडघ्याला टेकवली, टाळ वाजला आणि गाणं सुरू झालं. चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. एक प्रसंग गाऊन झाला की पान उलटतं आणि मागचा प्रसंग पुढे येतो. तो ताठ हात, जो मला काचेआड निर्जीव वाटला होता, गाण्यात नेमका त्या ओळीला आला जिथे बाण सुटतो. आमच्यासोबतचा एक ग्रुप पूर्ण वेळ व्हिडिओ काढत होता आणि संपण्याआधीच "पुढे तारकर्ली आहे" म्हणत उठला. गाणाऱ्या दादांनी सूर मोडला नाही. मला तो मोडावा असं वाटत होतं.

शेवटच्या सकाळी राजवाड्यात जाऊन पूर्ण संच घेतला. पैसे अर्धे माझे, अर्धे नवऱ्याचे, आणि त्याने तलावाकडे न बघता दिले. वर म्हणाला, "दिवाणखान्यात दहा राजे लावले तर?" मी त्याच्याकडे बघितलं. "गंमत केली," म्हणाला.

पुण्यात अडचण वेगळीच आहे. खेळायला तिघं लागतात. शेजारच्या काकांना रमी येते, दीड तास द्यायला ते तयार नाहीत. भाची दोन हात खेळून कंटाळली. गेल्या रविवारी नवऱ्याने ऑफिसातला एक मित्र धरून आणला. चहा होईपर्यंत सहा वाजून गेले, पानं वाटून होईपर्यंत सात. मित्राने रामाचा राजा जोरात धोतरावर आपटला, म्हणजे आमच्याकडे धोतर नाही, चादरीवर आपटला. नवरा बाल्कनीत जाऊन आकाश बघून आला आणि म्हणाला, "उचल. मावळला."