थंडीत आधी न्याहारी बदला

डिसेंबर उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न रोज कानावर येतो. "मॅडम, थंडी सुरू झाली. आयुर्वेदाप्रमाणे आता काय काय करायचं?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा काढ्याचं किंवा च्यवनप्राशाचं नाव हवं असतं. डिंकाचा लाडू सकाळी खायचा की रात्री, हेही हवं असतं. मी आधी उलट विचारते: सकाळी उठल्यावर पहिला घास किती वाजता पोटात जातो, आणि तो कशाचा असतो? शहरातली बरीच माणसं सांगतात, चहा आणि दोन बिस्किटं, मग थेट दुपारचा डबा.

माझं उत्तर इथूनच सुरू होतं. थंडीत एकच गोष्ट बदलायची असेल, तर न्याहारी बदला.

यामागचं कारण आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट यांनी अष्टांगहृदय या ग्रंथात, ऋतूप्रमाणे कसं वागावं ते सांगणाऱ्या ऋतुचर्येच्या अध्यायात दोन ओळींत दिलं आहे. पहिली ओळ: 'बलिनः शीतसंरोधाद्धेमन्ते प्रबलोऽनलः'. बाहेरच्या थंडीने शरीराची उष्णता आत कोंडली जाते आणि जठराग्नी, म्हणजे पचनाची ताकद, जोर धरतो. दुसरी ओळ मला जास्त आवडते, कारण ती सरळ घड्याळाकडे बोट दाखवते: 'दैर्घ्यान्निशानामेतर्हि प्रातरेव बुभुक्षितः'. रात्री लांबलेल्या असतात, म्हणून माणूस सकाळीच भुकेला असतो. आमच्या नाशिकात डिसेंबरच्या शेवटी रात्र साधारण 13 तासांची होते. रात्री साडेआठला जेवलेला माणूस दुपारी एकला डबा उघडत असेल, तर मधे साडेसोळा तास गेले. जूनमध्ये, अग्नी मंद असताना, हे एक वेळ खपून जातं. आत्ता नाही खपत.

न खपण्याचं कारण चरकसंहितेत, म्हणजे आचार्य चरकांच्या आयुर्वेदाच्या ग्रंथात आहे. हेमंतातल्या, म्हणजे थंडीच्या पहिल्या ऋतूतल्या, बलवान अग्नीला पुरेसं इंधन मिळालं नाही, तर तो शरीरातला रसच, म्हणजे शरीराला पोसणारा द्रवच, जाळू लागतो, आणि मग वात, म्हणजे कोरडेपणा आणि दुखणी आणणारा थंड गुणाचा दोष, थंडीत भडकतो. दवाखान्यात तो मला रोज दिसतो. ओठ फुटलेले, टाचांना भेगा, सकाळी उठताना गुडघे धरलेले, पोट साफ नाही, झोप मधेच मोडते. माणूस या प्रत्येकासाठी वेगळं मलम आणि वेगळं चूर्ण मागतो. मी आधी आठ-दहा दिवस पोटभर न्याहारी करून बघायला सांगते.

चरकांनी हेमंतात काय टाळावं तेही सांगितलं आहे. वातूळ आणि हलकं अन्न, अंगावर येणारा वारा, पाण्यात कालवलेलं सातूचं पीठ, आणि 'प्रमिताहार', म्हणजे मोजून-मापून थोडंसं खाणं. डाएट सुरू करायला लोक नेमका 1 जानेवारीचा मुहूर्त धरतात, म्हणजे अग्नी सगळ्यात तेज असताना. वजन कमी करायचंच असेल तर या दिवसांत व्यायाम वाढवा, ताट रिकामं ठेवू नका. मार्गशीर्षातले गुरुवारही याच काळात येतात. व्रत ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं आहे, त्यात मी हात घालत नाही. एवढंच सांगते, की दिवसभर चहावर राहून रात्री एकदम जेवण्यापेक्षा सकाळी दूध, राजगिरा, शेंगदाणा-गुळाचा लाडू असं काहीतरी भरीव घ्या.

मग न्याहारीला काय? ग्रंथात गहू, उडीद, ऊस आणि दूध यांच्यापासून केलेले पदार्थ, नवं धान्य, तेल अशी यादी आहे. मांसरस आणि मद्यही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण ही यादी समोर ठेवून आपल्याकडची थंडीतली ताटं पाहिली, की आपल्या आज्या-पणज्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी होते, सोबत तेल सुटलेलं भरीत. घाटावर उडदाचं घुटं शिजतं. चंपाषष्ठीला खंडोबाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत जातं, आणि चातुर्मासात बंद असलेलं वांगं तिथून पुढे घरात येतं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि हरभरा, पावटा, गाजर, वांगं, ऊस, बोरं, तिळाचं कूट पडलेली भाजी. संक्रांतीला तीळ आणि गूळ. स्निग्ध, उष्ण, पचायला जड, आणि नुकतंच शेतातून आलेलं. ऋतुचर्येचा हा अध्याय कधी हातातही न धरलेल्या बायकांनी तो पिढ्यानपिढ्या रांधला आहे. थंडीसाठी बाजारातून वेगळं काही आणायची फारशी गरज का पडत नाही, ते यावरून कळेल.

रोजच्यासाठी मी साधंच सांगते. बाजरीची भाकरी, लोणी किंवा तूप आणि लसणाची चटणी. किंवा थालीपीठ. किंवा रात्रीच्या भाकरीचा कुस्करा तेलाची नीट फोडणी देऊन. घरात मांसाहार असेल तर सुट्टीच्या दिवशी पाया किंवा मटणाचा पातळ रस्सा. हे सगळं गरम खा, आणि सकाळची आवश्यक कामं उरकून पहिली भूक लागेल तेव्हा लगेच खा. नऊच्या पुढे ढकलू नका.

आता भुकेबद्दल, कारण माझ्या दृष्टीने या विषयाचा सगळा भार तिच्यावर आहे. निफाडचा द्राक्षबागायतदार आणि मुंबईत वातानुकूलित कचेरीत बसणारी त्याची बहीण, दोघांच्या भिंतीवर कॅलेंडर एकच असतं, पण हिवाळा एक नसतो. निफाडला पारा काही पहाटे 5 अंशांच्या खाली जातो. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, रात्री पाणी सोडतात. त्या माणसाला सकाळी दोन भाकऱ्या आणि वर डिंकाचा लाडू सहज पचतो. मुंबईत तेव्हा पहाटेचा पारा बहुतेक दिवस 15 अंशांच्या वरच असतो. बहीण दिवसभर खुर्चीत असते, दुपारी जांभया देते, आणि हिवाळा आहे म्हणून तोच लाडू खाते. मग पोट जड, तोंडाला चव नाही, जिभेवर पांढरा थर. लाडू चांगलाच आहे, पण तो पचवणारा अग्नी तिथे जागा झालेलाच नाही. ऋतू पंचांगाने सुरू होतो खरा, तो तुमच्या अंगात उतरला की नाही हे भूक सांगते. सकाळी कडकडून भूक लागते का? कालचं जेवण पचल्याची शुद्ध ढेकर येते का? तर पुढे व्हा. नसेल तर आधी आल्याचा तुकडा सैंधव लावून जेवणापूर्वी खा, रात्रीचं जेवण लवकर घ्या, चाला, आणि लाडू चार दिवस थांबू द्या.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांनाही मी हेच सांगते. तिथली हवा दमट, त्यामुळे बाजरी-तीळ-उडीद असा मारा नको. गरम भात, कुळथाचं पिठलं आणि वर तूप हीच त्यांची थंडीतली न्याहारी असू द्या. राहत्या प्रदेशाच्या गुणाला उलट गुणाचं अन्न मानवतं, हेही चरकांचंच म्हणणं आहे.

दुसरी गोष्ट तेलाची. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तेल लावायचं आणि बाटली पुढच्या दिवाळीपर्यंत फळीवर ठेवायची, असं बहुतेक घरांत होतं. खरं तर ती आंघोळ म्हणजे पुढच्या तीन-चार महिन्यांची सुरुवात. तिळाचं तेल घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, सकाळी अंगभर जिरवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी आंघोळ करा. रोज वेळ नसेल तर डोकं, कान आणि पाय एवढे तरी सोडू नका, वाग्भटांचा भर या तीन जागांवर आहे. कानाच्या बाहेरून आणि मागून तेल चोळा, आत थेंब सोडायचे असतील तर पडदा शाबूत असल्याची खात्री आधी करून घ्या. साबणाऐवजी मसुराचं किंवा हरभऱ्याचं पीठ वापरलंत तर त्वचेचं तेल टिकतं. सर्दी-कफ भरलेला असताना, अजीर्ण असताना तेल लावू नये. तापातही नाही.

पाणी गरम, पण कढत नको. गळ्याखाली गरम पाण्याने बळ येतं आणि तेच पाणी डोक्यावर घेतल्याने केसांचं आणि डोळ्यांचं नुकसान होतं, असं ग्रंथात स्पष्ट आहे. डोक्यावरून फक्त कोमट घ्या.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हेमंताच्या वर्णनात निखाऱ्यांनी ऊबदार केलेल्या आतल्या खोलीत राहावं, असं येतं. ते वाचून किंवा नुसत्या सवयीने बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कोणी झोपू नका. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस जागाही होत नाही. बाळंतिणीच्या खोलीत तर शेगडी ठेवायचीच नाही, हवा तर शेक देऊन लगेच बाहेर न्यायची. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात असेल तर तोही तितकाच घातक. गिझर बाहेर बसवा, झरोका उघडा ठेवा. ऊब हवी तर कांबळं आहे, लोकरीचे मोजे आहेत, आणि फुकटचं ऊन आहे. ऊनसुद्धा 'युक्तीने' घ्या असं ग्रंथ सांगतो. ते पाठीवर घ्यावं आणि घाम फुटायच्या आत उठावं.

व्यायामाला हा उत्तम काळ. तोही अर्ध्या शक्तीपर्यंतच, म्हणजे कपाळावर, नाकावर घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी पहाटे पाचचा फेरफटका या दिवसांत बंद करावा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. ऊन पडल्यावर, कान झाकून जा. दुपारी झोपू नका.

दोन गोष्टी लोकांना पटत नाहीत, पण सांगते. थंडीत दही पूर्ण बंद करायची गरज नाही. ग्रंथांनी दही वसंत, ग्रीष्म आणि शरदात वर्ज्य सांगितलं आहे, हेमंत-शिशिरात नाही. दुपारी, ताजं, आंबट न झालेलं दही चालतं. रात्री मात्र कोणत्याच ऋतूत नाही. आणि सकाळच्या गरम पाण्यात मध घालणं सोडा. मध आणि उष्णता यांचा संयोग आयुर्वेद स्पष्ट नाकारतो.

मधुमेह असलेल्यांनी वरचं सगळं वाचून लाडवांचा डबा काढू नये. स्निग्ध आणि उष्ण म्हणजे गोडच, असं काही नाही. भाकरी, तूप, लसूण, तीळ, मेथीची भाजी एवढ्यात तुमचा हिवाळा छान निघतो. औषधांच्या मात्रा मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलायच्या.

शेवटचा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो, तो म्हणजे थांबणं. या जड, स्निग्ध खाण्याने शिशिरात कफ साठत जातो. होळीच्या आसपास ऊन तापलं की तो पातळ होऊन सुटतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरांत सर्दी, खोकला, दमा डोकं वर काढतो. म्हणून सवय एका दिवसात तोडायची नाही आणि ओढतही न्यायची नाही. सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येणाऱ्याचा पहिला, असे दोन आठवडे ऋतुसंधीचे मानले आहेत. त्यात जुनं हळूहळू कमी, नवं हळूहळू सुरू. थंडीच्या बाबतीत मी महाशिवरात्र ही खूण धरायला सांगते. तोपर्यंत डिंकाचे लाडू संपवा, नवे वळू नका. पुढे उडीद कमी करून मूग आणा, बाजरीच्या जागी ज्वारी किंवा जुने गहू, अंगभर तेलाऐवजी कोरडं उटणं. आणि सकाळी भूक थोडी उशिरा लागू लागली, तर न्याहारीची वेळही तेवढी पुढे न्या.