सिसिली: दुपारच्या कुलपाशी जमवून घेताना

गाडी न चालवता, मावशीला सोबत घेऊन, बाराव्या शतकातली मोझेक चित्रं, म्हणजे काचेच्या-दगडाच्या रंगीत कपच्या बसवून केलेली चित्रं बघायची, एवढाच आमचा सिसिलीचा बेत होता. एत्ना, ताओर्मिना, नोतो, सिराकुझा हे सगळं एका दमात उरकणाऱ्या सहलींचे कार्यक्रम मी वाचले आणि वाचूनच दमले. मावशी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. गुडघे कुरकुरतात, नजर मात्र शाबूत. तिचं म्हणणं एकच, "चारच गोष्टी दाखव गं, पण धड बघू दे."

सिसिली हे इटलीचं बेट, त्यामुळे इटलीच्या शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक) व्हिसासाठी सगळ्या मुक्कामांची आरक्षणं आधीच दाखवायची होती. त्यामुळे सिसिलीची राजधानी पालेर्मो, तिथेच एक घर घेतलं आणि तिथूनच सगळीकडे जायचं ठरवलं. रोज बॅगा भरायचा ताप वाचला. 90 युरो शुल्क, किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा, बोटांचे ठसे: कागद बरेच लागतात, पण ते काम सरळ आहे. खरी कसरत पुढे होती. ती म्हणजे वेळा.

सिसिलीतली बरीच चर्च दुपारी बंद होतात. साडेबारा-एकला दार लागतं आणि तीनच्या आसपास उघडतं. रविवारी सकाळी प्रार्थना, शनिवारी लग्नं. ठिकाणं नकाशावर जवळजवळ दिसतात म्हणून एका सकाळी चार चर्च लावली, तर दोन तरी बंद दारानिशीच बघावी लागतील. मी वहीत दोनच रकाने केले, 'दुपारी बंद' आणि 'दुपारी उघडं'. सकाळ पहिल्या रकान्याला दिली, दुपार दुसऱ्याला. मधल्या वेळात जेवण आणि मावशीच्या गुडघ्यांना विश्रांती. गंमत म्हणजे जेवणाची चिंता सगळ्यात कमी पडली. पालेर्मोच्या रस्त्यांवर पानेल्ले मिळतात. हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, तुकडे तळतात आणि पावात घालून देतात. मावशीने पहिल्या घासालाच निदान केलं, "ही तर तळलेली थापीव वडी."

पहिली सकाळ पालेर्मोच्या राजवाड्यातल्या कापेल्ला पालातीना या चॅपलला, म्हणजे राजाच्या खासगी प्रार्थनाघराला. दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहिलो आणि ते सार्थकी लागलं, कारण तासाभरात मोठे गट येऊन चॅपल भरून गेलं. याच राजवाड्यात आज सिसिलीची प्रादेशिक विधानसभा भरते. त्यामुळे राजाची दालनं रोज बघता येत नाहीत, त्यांचे दिवस आधी पाहून ठेवावे लागतात. चॅपल सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याचं. 1130 मध्ये त्याला मुकुट मिळाला, दोन वर्षांनी हे काम सुरू झालं आणि 1140 मध्ये चॅपलची प्रतिष्ठापना झाली. राजा उत्तर फ्रान्सातून आलेल्या नॉर्मन घराण्यातला, भिंतीवरचं मोझेक बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या धाटणीचं, आणि डोक्यावरचं लाकडी छत थेट अरबी परंपरेतलं: लहान लहान कोनाड्यांचे एकावर एक थर, त्यांत रंगवलेले वादक, नर्तकी, मद्य पिणारे लोक, कुफी या जुन्या अरबी लिपीतले मजकूर. ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या छतावर! बुद्धिबळ खेळणारे दोघेही त्यात कुठेतरी आहेत. दुर्बिणीतून पुष्कळ शोधले, सापडले नाहीत. दुर्बीण मात्र नेलीच पाहिजे. पक्षी बघायची साधी, छोटी चालते. तिच्याशिवाय छत म्हणजे नुसता तपकिरी पसारा.

बाहेर पडताना भिंतीतला एक संगमरवरी लेख चुकवू नका. 1142 मध्ये रॉजरने एक जलघड्याळ बनवून घेतलं, त्याची ही नोंद. लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. राजाच्या दरबाराचा कारभार याच तीन भाषांत चालायचा, हे त्या एका दगडावरून जितकं पटतं तितकं पुस्तकाने मला पटलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मार्तोराना. हे चर्च रॉजरचा आरमारप्रमुख जॉर्ज ऑफ अँटिओक याने बांधवलं. इथल्या एका मोझेकमध्ये ख्रिस्त स्वतः रॉजरच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. पोपला मधून वगळलेलंच आहे, म्हणजे राजकारण कसं ते बघा. राजाचं लॅटिन बिरुद 'रेक्स' म्हणजे राजा, पण लिहिलंय ग्रीक अक्षरांत. दोघांचे चेहरे इतके सारखे की मावशी दुर्बीण खाली ठेवून म्हणाली, "राजाने चित्रकाराला काय सांगितलं असेल ते कळलं मला." शेजारीच लाल घुमटांचं सान काताल्दो आहे. आत मोझेक फक्त जमिनीवर, भिंती उघड्या. तिथे दहा मिनिटं पुरतात.

पुढचं कॅथीड्रल पालेर्मोजवळच्या मोन्रेआले गावात. तिकडे 389 क्रमांकाची बस पालेर्मोच्या पियात्सा इन्दिपेन्देन्त्सा या चौकातून सुटते. तिकीट तंबाखूच्या दुकानात घ्यायचं, दुकानावर मोठा 'टी' असतो. बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून शिक्का मारायचा, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होऊ शकतो. बस वेळेवर येईलच असं धरू नका. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून मावशीची सुती ओढणी माझ्या पिशवीत कायम असायची.

रॉजरचा नातू विल्यम दुसरा याने बांधलेल्या या कॅथीड्रलमध्ये सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक आहे. आकड्याने काही बोध होत नाही. आत शिरल्यावर कुठे बघावं तेच सुचत नाही, म्हणून एक युक्ती सांगते: आधी बसून घ्या. मधल्या दालनाच्या भिंतीवर सृष्टीच्या निर्मितीपासून गोष्ट सुरू होते, ती क्रमाने वाचायची. मावशी नोहाच्या नावेपाशी अडकली. तिथे सुतार करवतीने लाकूड कापतायत, आणि हात कुठे ताणलाय, पाय कुठे रोवलाय हे ती मला दाखवत बसली. सोनेरी कपच्यांमध्ये सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये असतो आणि कपच्या किंचित तिरक्या बसवतात. म्हणूनच आपण हललो की भिंतीवरचा उजेडही हलतो. फोटोत हे उतरत नाही. आम्ही फोटो लवकरच सोडून दिले.

वेदीमागच्या संतांच्या रांगेत इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट आहे. इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याच्या सरदारांनी त्याला 1170 मध्ये मारलं, आणि विल्यमची राणी जोन ही त्याच हेन्रीची मुलगी! सासऱ्याच्या पापाचं चित्र जावयाच्या चर्चमध्ये. यावर मावशीने बसमध्ये बरंच भाष्य केलं, ते इथे लिहीत नाही. शेजारचा 228 जुळ्या खांबांचा मठाचा चौक आम्ही जेमतेम पाहिला, कारण मान आणि गुडघे दोन्ही संपले होते.

चेफालू या किनाऱ्यावरच्या गावाला पालेर्मोहून आगगाडीने साधारण तास लागतो. छापील प्रादेशिक तिकिटावरही फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा. तिथल्या कॅथीड्रलमधला 1148 मधला मोझेकचा ख्रिस्त मला कापेल्ला पालातीना, मोन्रेआले आणि चेफालू या तिन्ही ठिकाणांत सर्वांत चांगला वाटला. मावशीचं मत मोन्रेआलेच्या बाजूने. वाद अजून मिटलेला नाही.

दुपारी बंद न होणारं मोठं ठिकाण म्हणून व्हिला रोमाना देल कासाले एका अख्ख्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. पालेर्मोहून पियात्सा आर्मेरिनापर्यंत बस, पुढे टॅक्सी. टॅक्सीवाल्याशी परतीची वेळ उतरतानाच पक्की करा. चौथ्या शतकातलं हे रोमन घर बाराव्या शतकात दरडीखाली गेलं, म्हणून त्याची मोझेकची फरशी वाचली. उंच मचाणावरून चालत खाली बघायचं असतं, त्यामुळे मानेला इथे आराम. साठेक मीटर लांबीच्या शिकारीच्या पट्ट्यात जगभरचे प्राणी पकडून जहाजावर चढवतायत. टोकाला एक सावळी स्त्री आहे, हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ. काही अभ्यासक तिला भारत मानतात, काही आफ्रिका. मावशी म्हणाली, "वाघ आफ्रिकेत कुठून आला? ही आपलीच." मी माहितीफलक वाचून दाखवायला वळले, तर ती बिकिनीवाल्या मुलींचं मोझेक असलेल्या दालनाकडे निघालीही होती.