मी दुक

इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन मला दोन-तीनच दिवस झाले होते. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात, हे कुणीतरी आधीच शिकवून ठेवलं होतं, म्हणून म्हटलं. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा दाढीवाला माणूस. आरशातून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "ता, मी दुक."

बस निघून गेली तरी मी फुटपाथवर तशीच उभी. मी दुःख? काय झालं असेल बिचाऱ्याच्या घरी? आणि तो ते मला का सांगतोय, तेही मराठीत?

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या मैत्रिणीने उलगडा केला. या भागात 'कप'चा 'कुप' होतो, 'बस'ची 'बुस' होते, आणि 'माय' बोलण्याच्या ओघात 'मी' होऊन जातं. म्हणजे ते होतं 'माय डक', माझ्या बदका. ता म्हणजे थँक्स. लेस्टर, नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक या पट्ट्यात कुणीही कुणालाही असंच म्हणतं.

रात्री बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी फोन लावला. आमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"बदक?" आई म्हणाली. "चालण्यावरून म्हणाला का गं? तरी मी लहानपणापासून सांगत होते, पाय सरळ टाक."

मागून पेपरआडून बाबा, "डक म्हणजे शून्य. गेल्या गेल्या शून्यावर आउट केलं तुला."

बाबांच्या जगात हा शब्द फक्त क्रिकेटचा आहे. शून्याचा आकार अंड्यासारखा, म्हणून आधी 'डक्स एग', पुढे अंडं गळालं आणि नुसतं बदक उरलं. पहिल्याच चेंडूवर गेलात तर बदक सोन्याचं. अमेरिकन लोकांना त्याच शून्यात हंसाच्या जातीच्या गूजचं अंडं दिसतं आणि आपण भोपळा फोडतो. शून्य बघून सगळ्यांना खायचंच काहीतरी का सुचावं, कळत नाही.

विषय निघालाच आहे म्हटल्यावर बाबा 1952 च्या हेडिंग्ले कसोटीवर गेले. आजोबांकडून ऐकलेली ही कथा त्यांना पाठ आहे. भारताचा दुसरा डाव, धावा 0, बाद 4. फलकावर ओळीने चार भोपळे, त्यातला एक आपल्या बडोद्याच्या दत्ताजीराव गायकवाडांचा. मग कर्णधार विजय हजारे आले. तेही बडोद्याकडूनच खेळायचे. त्यांनी 56 धावा केल्या. एवढं सांगून बाबा कधी थांबत नाहीत. बडोद्याचं नाव भोपळ्याशी जोडलेलं राहू नये म्हणून लगेच 1947 ची रणजी फायनल येते. होळकरांच्या संघाविरुद्ध हजारे 288, गुल महंमद 319, भागीदारी 577. इंदूरच्या मावशी समोर असल्या तर जरा जास्तच मोठ्याने.

हे सगळं डोक्यात ताजं असतानाच साहेबांनी मीटिंगमध्ये मला सांगितलं, तुझी बदकं आधी एका रांगेत लाव. तयारी नीट कर, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मला मात्र हेडिंग्लेचा फलक दिसत होता. नंतर महिन्याभराने माझी पहिली ऑर्डर आली, तर शेजारच्या टेबलावरून, "तुझं बदक फुटलं!" मी दचकून टेबलाखाली बघितलं. पहिला गोल, पहिली धाव, पहिलं काहीही झालं की शून्य फुटतं आणि बदक मोडतं.

जुन्या पबांत तुळया इतक्या खाली असतात की उंच माणसाचं कपाळ हमखास आपटतं. एका तुळईवर पाटी बघितली, 'डक ऑर ग्राउस'. दोन्ही पक्ष्यांची नावं, पण डक म्हणजे वाकणंही आणि ग्राउस म्हणजे कुरकुरणंही. वाका, नाहीतर कुरकुरा. आजोळच्या वाड्यात असल्या दारापाशी आजी नुसतं "डोकं!" म्हणून ओरडायची. गंमत म्हणजे इंग्रजीत ही बुडी मारण्याची, खाली वाकण्याची क्रिया आधीची आणि पक्ष्याला नाव तिच्यावरून पडलं. त्याचं जुनं इंग्रजी नाव 'एनेड' होतं, ते पार विसरलं गेलं. जर्मन लोक मात्र अजून 'एन्टे' म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात आई दोन महिने राहून गेली. लीलो चेवडो संपल्यावर तिला बेलग्रेव्ह रोडवर नेलं. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं लेस्टरला आली आणि हा रस्ता त्यांच्या दुकानांनी भरून गेला. आईला बडोद्याचं गुजराती अस्खलित येतं, त्यामुळे पहिल्यांदाच ती माझ्यापुढे चालत होती. दुकानात तिने शिंग, म्हणजे गुजरातीतले शेंगदाणे, मागितली. गल्ल्यावरची मुलगी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "जुगु जोईए छे?" आई माझ्याकडे बघायला लागली. जुगु म्हणजे शेंगदाणेच, पण शब्द आफ्रिकेतल्या स्वाहिलीचा, आजी-आजोबांच्या सामानातून आलेला. मग सुटे पैसे हातावर ठेवत ती मुलगी म्हणाली, "आ लो बेन. ता, मी दुक." एकाच गल्ल्यावर तीन खंड.

आई बाहेर येऊन म्हणाली, "खंडेराव मार्केटात भाजीवाला बेन म्हणतो, तसंच हे." दहा पावलं गेल्यावर पुन्हा, "पण बेन म्हटलं की नातं लागतं. पुढच्या वेळी कोथिंबीर फुकट मागता येते. बदकाकडे काय मागणार?"

खरं सांगायचं तर मला 'बेन'पेक्षा 'दुक' बरं वाटतं. त्यात वय नाही, लग्न झालंय का नाही, बाई का बाप्या, काही नाही. तोच दाढीवाला ड्रायव्हर दुसऱ्या दाढीवाल्यालाही तेच म्हणतो. मी स्वतः एकदाच म्हणून बघितलं. माझ्या तोंडून स्वच्छ, शाळेतलं 'डक' बाहेर पडलं आणि समोरचा हसत सुटला. तेव्हापासून फक्त ऐकते.

आईने मात्र मनावर घेतलं. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून रोज "ए अप, दुक!" अशी हाळी द्यायच्या. म्हणजे नुसतं 'काय गं, कशी आहेस'. पण आईला ती हाक वाटायची. ती ओटा सोडून, पदराला हात पुसत, "आले, आले" करत मागच्या दारी जायची. मग दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून टोमॅटोंकडे बघत बोलायच्या, एक इंग्रजीत, एक मराठीत.

काल फोन केला तेव्हा बडोद्याला मॅच लागलेली. कुणीतरी पहिल्याच चेंडूवर गेला. बाबा ओरडले, "डक!"

आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "आले, आले."