पंगतींचं पुस्तक : आचारी सापडले

अंध वाचकांसाठी आपण पंगतींवरच्या पुस्तकाचं ई-पुस्तक करतोय, त्यात 'ऱ्य'च्या जागी सगळीकडे 'र्य' उमटत होता. गेल्या खेपेचं हे 'र्य'चं भूत अखेर बाटलीत गेलंय. निदान पहिल्या सहा प्रकरणांत तरी.

श्रेय ऐकून तपासणाऱ्या मावशींचं. आपल्या डोळस तपासनिसांनी आचाऱ्यांचं ते पान बिनदिक्कत पास केलं होतं, कारण डोळा चालवून घेतो. मावशींनी एनव्हीडीएवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) ऐकलं आणि फोन केला, "पहाटेच आचार्यांना भट्टी पेटवायला लावलीय. कुठल्या मठाचे रे हे?"

प्रकाशकांनी मोठ्या मनाने छपाईसाठी पानं जुळवलेली पेजमेकरची फाइल दिली. (२०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर अंधांसाठीच्या अशा प्रतींना परवानगी लागत नाही, पण फाइल मिळाली की स्कॅनिंग वाचतं.) फाँट मात्र जुना. युनिकोडात, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या मजकुरात, आणताना कन्व्हर्टरने प्रत्येक 'ऱ्य'चा 'र्य' आणि 'ऱ्ह'चा 'र्ह' करून टाकला. सरसकट उलटा बदल केला तर सूर्याचा सूऱ्या होतो.

'ऱ्ह' सोपा निघाला. वऱ्हाडी, गुऱ्हाळ, तऱ्हा एका फटक्यात. 'अर्हता' तेवढी वगळली. 'ऱ्य'ने मात्र घाम काढला. सिजिल या ई-पुस्तक घडवायच्या प्रोग्रामातल्या रेजेक्सने (ठरावीक साच्याचा मजकूर शोधून बदलायच्या सोयीने) आधी ज्या 'र्य'पुढे काना नाही ते सगळे बाजूला काढले : कार्यक्रम, पर्यंत, आश्चर्य सुटले. मग 'णार्या' दिसेल तिथे बेधडक बदल : वाढणाऱ्या, जेवणाऱ्या. उरलेल्यांत 'र्या'च्या जागी 'रा' किंवा 'री' लावून शब्दयादीत बघायचं. दुसरा, कोपरा, शेतकरी सापडले की बदल. मर्यादा, पर्याय जागच्या जागी. हे जमलं तेव्हा खरंच चहा टाकला.

तरी 'भार्या' उरलीच. एका पानावर लाकडाच्या भाऱ्यांवर टेकलेल्या बायका, पुढच्याच पानावर यजमानांची भार्या! अशा जागा छापील प्रत शेजारी ठेवूनच सोडवायच्या, दुसरा इलाज नाही.

आणि कृपा करून सगळ्यांनी 'ऱ्' लिहिताना 'ऱ' अधिक हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) हीच पद्धत ठेवा. 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) असं लिहिलेलं दिसतं तसंच, पण एक शोधताना दुसरं सापडत नाही.

थांबा. हे लिहिता लिहिताच सुचलं : जुन्या फाँटात 'ऱ्य'तल्या या आडव्या 'र'ची खूण वेगळीच असते ना! मग रूपांतराआधीच तिच्या जागी कन्व्हर्टर हात लावणार नाही असं एखादं चिन्ह टाकायचं आणि मागाहून त्याचा 'ऱ्' करायचा. सातव्या प्रकरणाच्या एका पानावर लगेच करून पाहिलं. आचारी आचारीच राहिले, भार्याही घरीच. रेजेक्सची सगळी कसरत आता फक्त फाइल न मिळालेल्या पुस्तकांसाठी.

तेव्हा सातव्यापासून पुढची प्रकरणं घेतलेल्यांनो, मजकूर तपासायला घेऊ नका, नव्या फाइली देतो. तोवर चित्रांची वर्णनं उरका. नुसतं 'स्वयंपाकाचं चित्र' चालणार नाही. कढईत काय तळतंय आणि झारा कुणाच्या हातात आहे, तेही लिहा.