ड्राइव्हवेतली होडी: बाकं उचकटण्याआधी

न्यू जर्सीत एडिसनकडच्या आपल्या मंडळींच्या ड्राइव्हवेत टोयोटा आणि होंडा उभ्या असतात. गार्डन स्टेट पार्कवे या हमरस्त्याने दक्षिणेला निघून टॉम्स रिव्हर ओलांडलंत की त्याच जागी ट्रेलरवर चढवलेल्या होड्या दिसायला लागतात. त्यातल्या कितीतरी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून असतात. कुणाचे वडील गेले, कुणाचं इंजिन बसलं, कुणाची हौस फिटली. मग एक दिवस घरातलं कुणीतरी वैतागून पुठ्ठ्यावर ‘विकणे आहे’ लिहून होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, टांगतं. किंमत अशी की घासाघीस करायला लाज वाटावी.

माझी होडी अशीच आली. १६ फुटी, रिव्हेट मारलेली अ‍ॅल्युमिनियमची, १९८०च्या दशकातली. तीन आडवी बाकं आणि मागे हाताने दांडी धरून चालवायचं इंजिन. मला ती सेंटर कन्सोल करून हवी होती. म्हणजे होडीच्या मधोमध कमरेच्या वर येईल असा उभा खोका, त्यावर स्टिअरिंगचं चाक, शेजारी थ्रॉटल, आत बॅटरी, आणि खोक्याच्या दोन्ही अंगांनी पुढेमागे चालायला वाट. चालवणारा उभा राहून चालवतो. फायबरची नवी कोरी १७-१८ फुटी सेंटर कन्सोल इंजिन-ट्रेलरसकट घ्यायची तर चांगल्या गाडीइतके पैसे मोजावे लागतात, म्हणून हा उपद्व्याप.

हर्णैच्या काकांना व्हिडिओ कॉलवर बेत सांगितला. त्यांचं आयुष्य बंदरात गेलेलं. म्हणाले, “अरे, तांडेल मागं बसतो तो काय उगाच? सगळी होडी त्याच्या डोळ्यांपुढं असते. तू मधे खोका ठेवलास तर माणसं बसायची कुठं?”

“काका, इथे सगळे उभ्यानेच चालवतात.”

“सगळे चालवतात म्हणून तू चालव.”

प्रश्न रास्त होता. १६ फुटांच्या होडीत खोका खरोखरच जागा खातो, आणि इथल्या अनेकांच्या डोक्यात सेंटर कन्सोल ही गरजेपेक्षा फॅशन म्हणूनच बसलेली असते. तळ्यात काठाकाठाने फिरायचं असेल तर बाकं आणि दांडीचं इंजिन याहून सुटसुटीत काही नाही. पण आमची बार्नेगॅट बे ही उथळ खाडी आहे. लांबी ४० मैलांच्या वर आणि सरासरी खोली जेमतेम ५ फूट. वाळूचे दांडे, पाणगवताचे पट्टे आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांची तरंगती बोंडकी यांच्यामधून वाट काढावी लागते. उभं राहिलं की पाण्याचा रंग कुठे पालटतो ते लांबून कळतं, बसल्यावर नुसती चकाकी दिसते. शिवाय उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो आणि खाडीवर आखूड, टोकदार लाटा उठतात. बाकावर बसून त्या खाल्ल्या की संध्याकाळी कंबर बोलते. उभ्या माणसाचे गुडघे तो दणका सोसून घेतात.

यूट्यूबवर या कामाचे ढिगाने व्हिडिओ आहेत. बहुतेकांची सुरुवात एकच: ग्राइंडर चालू, ठिणग्या, बाकं बाहेर. पुढच्या पाच मिनिटांत गालिचा लावलेली गुळगुळीत डेक, म्हणजे होडीतली सपाट जमीन, तयार. बघायला मजा येते. पण बाक ही बसायची सोय आहे असं समजून जो ते कापतो त्याने होडी समजूनच घेतलेली नाही. बसण्यापलीकडे त्या बाकाला तीन कामं असतात आणि तिन्ही बसण्याहून महत्त्वाची.

पहिलं काम ताण धरण्याचं. अशा होडीचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. ही विद्या विमानांच्या कारखान्यांतली. लाँग आयलंडवरच्या ग्रमन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात आरमारासाठी लढाऊ विमानं बांधली आणि युद्ध संपत आलं तेव्हा तोच पत्रा व तेच रिव्हेट वापरून होड्या करायला घेतल्या. पातळ पत्रा, आतून फासळ्या, आणि दोन्ही कडांना एकमेकींशी बांधून ठेवणारं काहीतरी आडवं. ते आडवं म्हणजे बाक. मधलं बाक काढलं की लाटेवर आपटताना दोन्ही बाजू आतबाहेर श्वास घेतल्यासारख्या हलायला लागतात आणि तळातले रिव्हेट एकेक करून सैल होतात.

दुसरं काम तरंगण्याचं. बाकाच्या पोटात फोम भरलेला असतो. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून. अमेरिकेत २० फुटांखालच्या, आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून टांगलेल्या) इंजिनाच्या होड्यांना १९७८पासून नुसतं तरंगून भागत नाही, भरलेल्या अवस्थेत त्या बऱ्यापैकी सपाट राहिल्या पाहिजेत असा दंडक आहे. दंडक कारखानदाराला. घरी स्वतःच्या होडीवर काम करणाऱ्याला विचारायला कुणी येत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

आमच्या समोरचे आजोबा जन्मभर बोटयार्डात काम करून निवृत्त झालेले. घरात आम्ही त्यांना आजोबा म्हणतो, तोंडावर मात्र इथल्या रीतीप्रमाणे नुसतं नाव. पन्नाशीला आलेल्या मला ते ‘किड’ म्हणतात, त्यामुळे हिशेब चुकता होतो. ग्राइंडरची वायर बघून ते रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, आधी एक बाक उघडून आत काय आहे ते तर बघ.

मधल्या बाकाच्या झाकणाचे रिव्हेट ड्रिलने उडवले. आतला फोम वरून कोरडा, पिवळट. पाव कापायच्या लांब सुरीने एक ठोकळा कापला आणि एका हाताने उचलायला गेलो तर हलेना. दोन्ही हातांनी ड्राइव्हवेवर आणून त्यावर गुडघा टेकवला तर कडेने तपकिरी पाणी पाझरायला लागलं आणि उतारावरून गटारापर्यंत ओघळ गेला. वर्षानुवर्षं पाणी शिरतं, हिवाळ्यात आत गोठतं, फोमच्या बारीक पेशी फोडतं, मग आणखी पाणी शिरतं. बुडू नये म्हणून भरलेली वस्तू होडीला खाली खेचत होती. तेव्हा जुनी होडी घेतलीत तर कन्सोल करा न करा, फोम उघडून बघाच.

नवा फोम किती आणि कुठे, याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. हिशेब सोपा आहे. १ घनफूट पाण्याचं वजन साधारण ६२ पौंड, तेवढ्याच फोमचं २ पौंडांच्या आसपास. म्हणजे १ घनफूट फोम ६० पौंड उचलून धरतो. जेवढा काढला तेवढा तरी परत गेलाच पाहिजे, आणि कन्सोल, डेक, बॅटरी यांचं नवं वजन धरून वर थोडा. पण व्हिडिओंमधली मंडळी तो सगळा डेकच्या खाली कोंबतात, कारण तिथे आयती पोकळी मिळते. फोम तळाशी आणि वजन वर, अशी होडी पाण्याने भरली की उलटायला बघते. तरंगते खरी, पण पालथी. फोम दोन्ही कडांना, जमेल तितका वर, आणि इंजिनाचं वजन पेलायला मागे हवा. मी दोन्ही बाजूंना कडेखाली अ‍ॅल्युमिनियमच्या लांब पेट्या केल्या. आत फोम, वर गळाच्या काठ्या ठेवायला जागा, आणि फासळ्यांना रिव्हेटने जखडल्यामुळे मधल्या बाकाचा ताणही बराचसा त्यांनी उचलला. पुढचं आणि मागचं बाक हलवलं नाही. सबंध मोकळी डेक मिळाली नाही, पण मला नाचायचं नव्हतं. इन्सुलेशनचे गुलाबी तक्ते स्वस्त पडतात म्हणून अनेकजण फोम म्हणून तेच वापरतात. त्यावर पेट्रोल सांडलं तर ते विरघळतं, एवढं लक्षात ठेवून टाकी त्यांच्यापासून लांब ठेवा.

बाकाचं तिसरं काम वजन वाटून देण्याचं. कुणी कुठे बसायचं हे बाकंच ठरवतात. ती गेली की माणसं वाटेल तिथे उभी राहतात आणि होडीचा तोल उंचावर जातो. १९७२च्या नोव्हेंबरपासून बांधलेल्या लहान होड्यांवर क्षमतेची पाटी असते: किती माणसं, एकूण किती वजन, इंजिन किती अश्वशक्तीपर्यंत. डेक आणि कन्सोलचं वजन त्या एकूण आकड्यातून मनात वजा करायचं. आमच्या पाटीवर पाच माणसं लिहिली आहेत. मी तिघांच्या वर घेत नाही, मग बायकोचे भाऊ रागावले तरी चालतील.

आधीच्या मालकाने तळात प्लायवूड टाकलेलं होतं. मजबूत दिसत होतं, किंचित हिरवट. तेच घातक. कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं हे इथलं अंगणातलं लाकूड, आणि त्या औषधात तांबं असतं. तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि मधे खारं पाणी, की झाली बॅटरी तयार. प्लायवूड उचललं तर खालच्या पत्र्यावर पांढरी भुकटी आणि ती खरवडल्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. चार ठिकाणी ठिगळं लावावी लागली. त्याच कारणाने होडीच्या बुडाला लावायचा तांबंयुक्त बॉटम पेंट या होडीला चालत नाही, आणि स्टेनलेसचा प्रत्येक स्क्रू बसवताना मधे खास पेस्ट लावावी लागते. मी डेकसाठी मरीन प्लायवूड घेतलं, सगळ्या बाजूंनी इपॉक्सी पाजलं, कडांना दोनदा. अ‍ॅल्युमिनियमचा पत्राच टाकला असता तर जास्त टिकला असता. पण त्याचा भाव ऐकून प्लायवूडवर प्रेम बसलं.

गळती शोधायची युक्ती आजोबांची. होडी ट्रेलरवरच ठेवून आत बागेच्या पाइपने पाणी सोडायचं. पुरतं भरायचं नाही. पाण्याचं वजन गॅलनला आठ पौंडांहून जास्त, ट्रेलर आणि पत्रा दोघांनाही सोसवणार नाही. फासळ्या बुडतील इतपत पुरे. मग खाली उताणं पडायचं आणि जिथे थेंब धरेल तिथे मेणाच्या खडूने गोल करायचा. कण्याच्या दोन्ही अंगांना गोलांची रांगच लागली.

सैल रिव्हेट बसवायला दोन माणसं लागतात. एकजण बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर हवेचा हातोडा चालवतो, दुसरा आतून शेपटीला जड पोलादी ठोकळा टेकवून धरतो. ठोकळा जरा तिरका धरला की रिव्हेट वाकडं होतं, मग ड्रिलने उडवा आणि परत पहिल्यापासून. ठोकळा मी धरायचो, हातोडा आजोबांचा. मधे पत्रा असल्यामुळे आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो, आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. पत्र्यावर एक टकटक म्हणजे तयार, दोन म्हणजे झालं, पुढचं. पहिल्या ओळीनंतर माझी बोटं रात्रीपर्यंत झिणझिणत होती. आजोबांनी मजुरी म्हणून बायकोच्या हातचे मटार करंज्यांचे दोन डबे घेतले आणि पुढच्या कामाला स्वतःहून हजर झाले.

कन्सोलची जागा कागदावर ठरवू नका. आम्ही प्लास्टिकचा मोठा खोका, आत पाण्याने भरलेल्या दुधाच्या गॅलनच्या बाटल्या, असं कन्सोलच्या वजनाचं सोंग तयार केलं आणि जुन्याच इंजिनावर खाडीत नेऊन ते पुढेमागे सरकवत बघितलं. खोका पुढे घेतला तर नाळ लाटेत घुसते. फार मागे घेतला तर नाळ आभाळाकडे, आणि समोरचं दिसेना. मध्यापासून थोडं मागे, अशा ठिकाणी होडी सरळ बसली. खोक्याची रुंदी मी दोन फुटांच्या आतच ठेवली. बाजूने लाइफ जॅकेट घातलेला माणूस आडवा होऊन जाऊ शकला पाहिजे, हे माप.

इंजिनाचं गणित वेगळं. दांडीच्या इंजिनाला स्टिअरिंग आणि लांबून चालणारा थ्रॉटल जोडायचे किट मिळतात, पण सगळ्याच इंजिनांना मिळतात असं नाही, आणि मिळाले तरी किमती बघून हसू येतं. जुनं विकून मुळातच रिमोटवर चालणारं वापरलेलं इंजिन घेणं शहाणपणाचं. घेताना शाफ्टची लांबी बघा. मागची फळी १५ इंची असेल तर आखूड शाफ्ट, २० इंची असेल तर लांब. वायरिंगबद्दल एवढंच: कल्हई केलेल्या तांब्याची मरीन वायर वापरा, बॅटरीच्या जवळच फ्यूज लावा, आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला स्वतंत्र जोडणी द्या. १ एप्रिल २०२१पासून इथे लहान होड्यांत इंजिन बंद पाडणाऱ्या स्विचची दोरी अंगाला अडकवणं कायद्याने आलं. दांडी धरून बसलेला माणूस सहसा पडत नाही, उभा असलेला पडू शकतो. ती दोरी मी मनगटाला न बांधता लाइफ जॅकेटला अडकवतो.

कागदपत्रं मोटारीसारखीच, टायटल (मालकीचा दाखला) आणि नोंदणी राज्याच्या मोटार व्हेइकल कमिशनकडे, शिवाय चालवणाऱ्याला सुरक्षेचा कोर्स करून प्रमाणपत्र. जुन्या होडीचं टायटल विकणाऱ्याकडे नसेल तर ती फुकट असली तरी नको म्हणा.

आता ज्याला त्याला वाटतं की वर सावलीला टी-टॉप हवा. कॉलेजात असलेल्या मुलीने तर चित्रही काढून पाठवलं. नाही करणार. या रुंदीच्या होडीवर डोक्याच्या उंचीला पाइप आणि कापड म्हणजे वारा धरायला शीड, आणि वजन नेमकं नको तिथे. टोपी घाला. काकांना मात्र पाण्यावरचा व्हिडिओ पाठवला तेव्हा त्यांनी खोक्याकडे बघितलंही नाही. मागचं बाक तसंच ठेवलंय ना, एवढंच विचारलं. ठेवलंय म्हटल्यावर म्हणाले, “मग आलो की मी तिथं बसेन.”

जर्सीत कुणी असं काम काढणार असेल तर रिव्हेटचा तो पोलादी ठोकळा माझ्याकडे पडून आहे, येऊन घेऊन जा. हातोडा धरायला आजोबा येतील की नाही ते करंज्यांवर अवलंबून.